अंग चोरून

टुटलिंगेनला डॅन्यूब अजून लहान आहे,
उन्हाळ्यात तर मध्येच जमिनीत जिरते.
तिच्या काठी रोसविथा हेप्टिंग
एकतीस वर्षं नळ्या घासते आहे.

अंगठ्याएवढी नळी. पाती मिटलेली.
"आत जाताना अंग चोरून जायचं," ती मला सांगायची,
"स्नायूच्या धाग्यांमधून. कापायचं नाही,
जरा सरकता का, असं विचारत.
मग किल्लीचा अर्धा फेरा,
आणि तळाशी, फक्त तळाशी, पाय पसरायचे.
ओसरी मिळाली म्हणून घर बळकावायचं नाही."

मी नखानं कड तपासायचो.
"नखानं नाही रे, गालानं.
गालाला लागलं तर आत लागणारच."

फेब्रुवारीत ती स्वतःच टेबलावर पालथी.
वाकून वाकून कंबरेतली चकती सरकली होती,
डावा पाय परक्याचा झाला होता.
मी भेटायला गेलो तेव्हा
पाठीवर बोटभर पट्टी, बाकी काही नाही.
डॉक्टरांना तिनं एकच विचारलं होतं:
नळी कुणाची?
त्यांनी पुलापलीकडच्या कारखान्याचं नाव घेतलं.

दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही.
मी नेलेली सफरचंदं तशीच.
तिसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये
डावं पाऊल टाकलं, उचललं, पुन्हा टाकलं,
खिडकीपाशी थांबली.

"कड चांगली होती," म्हणाली.
"आपल्याइतकी नाही.
पण चांगली होती."