दर तीन तासांनी

खिडकीला आम्ही सलाईनच्या खोक्यांचे पुठ्ठे लावले.
उजेड नको. आवाज नको.
शाहेदा मावशीनं ट्रॉलीच्या चाकांना खोबरेल घातलं,
सगळ्यांचे फोन मुके केले.
परभणीच्या सिव्हिलात एवढी शांतता
कुणाच्या मरणालाही मिळत नाही.

नाव: बेबी ऑफ दैवशाला.
वजन दोन किलो एकशे दहा.
रडणं: पत्र्यावरून खिळा ओढावा तसं.
थरथर, कुणी हात लावलेला नसताना.
शिंका सलग चार. जांभया.
गुडघे चादरीला घासून घासून सोललेले.
प्रत्येकाला आकडा आहे, मी बेरीज करते.
अकरा.

दूध तोंडात धरतं आणि विसरतं,
मग भुकेनं स्वतःची मूठ चोखतं
जणू मुठीत काही राहून गेलंय.

मानवतच्या जिनिंगवर
बारा बारा तास रेच्यात कापूस लोटायचा.
रात्री पाठ जमिनीला टेकेना.
मेडिकलवाला सुटी गोळी द्यायचा,
आधी एक, मग अर्धं पाकीट,
मग पोटात हे असतानाही.
"म्या काय दारू पिले का, सिस्टर?
गोळी तर डाक्टरचीच असती ना?"
मला उत्तर सुचलं नाही.
मी सिरिंज उजेडाकडं धरली.

तिच्यात त्याच जातीचा थेंब.
आज एवढा, परवा त्याहून कमी.
ज्यानं इतक्या उंचावर नेऊन ठेवलं
त्याचंच बोट धरून खाली उतरायचं,
एकेक पायरी,
आणि पायांना तर अजून
जमीनही माहीत नाही.

सासू दारातूनच बजावून गेली होती,
तिला लेकराजवळ येऊ देऊ नका.
मी तिला आत घेतलं.
ब्लाउजची बटणं तिला निघेनात, मी काढली.
लेकरू उघड्या छातीला लावलं,
वरून वॉर्डातली हिरवी चादर.
गाऊ नको, म्हटलं. हलवू नको. थोपटूही नको.
"मग काय करू, माय?"
नुसतं धर.

बाळ शिंकलं.
मग ती शिंकली.
बाळानं जांभई दिली, तिनंही दिली,
दोघांच्या अंगावर एकाच वेळी काटा.
तक्त्यातले रकाने मी पुन्हा पाहिले.
आईसाठी एकही नव्हता.

कागद उलटा करून पेन्सिलीनं लिहिलं:
दैवशाला. घाम आहे. थरथर आहे.
झोप, विचारलं नाही.
बेरीज केली नाही.

तीनच्या सुमाराला शाहेदा मावशीनं
तिच्या पावलांवर आणखी एक चादर टाकली
आणि काही न बोलता बाहेर जाऊन बसली.
तिच्या कानामागं, केसांत,
कापसाचा एक पुंजका होता,
बाळंतपणाच्याही आधीचा.
काढायला मी हात नेला.
बाळाचा नुकता डोळा लागला होता.
राहू दिला.

सहा वाजता बेरीज आली नऊ.
पुढची नवाला.
दहाला मानसोपचाराची ओपीडी उघडते,
पेन्सिलीचा कागद घडी करून
मी खिशात ठेवलाय.