तीन बोटांची

कौल उलटंपालटं करून बघायची सवय मला धंद्यानं लावली.
गर्लगुंजीत, नंदगडात, अनगोळच्या बोळात
कुठं स्लॅब पडायचा ठरला की फोन येतो:
नरसू, टेम्पो घेऊन ये, कौलं उतरायचीत.
शेकड्यानं मोजतो, गवत घालून रचतो,
आणि मधेच एखाद्यावर हात थांबतो.

भट्टीत जाण्याआधी, ओलं असताना,
कोणीतरी त्याच्यावरून गेलेलं असतं.
कावळा. शेळी.
एकदा पिंपळाचं पान, शिरांसकट.
एकावर चार बोटं नि अंगठा,
उचलताना घाई झालेल्या कुण्या बाईचा.
शेवाळ खरवडलं तर अंगठ्याच्या रेघा अजून मोजता येतात.

अशी एकशे चौदा आहेत,
न्हाणीच्या भिंतीला टेकवून.
रुक्मा म्हणते, लोकं सोनं साठवतात,
आमच्यात दुसऱ्यांची छपरं.
पण पाहुणे आले की तीच दाखवते,
पिंपळपान आधी.

ही मला पहिल्यांदा भेटली
बीडीतल्या एका पडक्या शाळेवर.
कुत्र्याचा मागचा डावा पाय. बोटं तीनच.
फुंकर मारली, बाजूला ठेवलं, विसरलो.
सहा महिन्यांनी जांबोटीला, चहाच्या शेडवर,
पुन्हा तोच पाय, तेच एक बोट कमी.
शनिवारच्या बाजारात, मिरच्यांच्या ढिगापलीकडं
ओळखीचं माणूस पाठमोरं दिसावं
आणि हाक मारायला नाव आठवू नये,
तसं झालं.

मग हिशेब मांडला.
मलप्रभेकाठचा कारखाना, पाठीवर कमळाचा छाप,
उन्हात वाळत घातलेली लांबच लांब रांग,
आणि ही तिच्यावरून तिरकी पळालेली.
रांग भाजली, गाड्यांत भरली, गावोगाव गेली.
एका कुत्रीची एक धाव
पन्नास घरांच्या डोक्यावर चढून बसली,
खाली माणसं जेवली, भांडली, बाळंत झाली,
कुणाला पत्ता नाही.

पाचवं मिळालं चंदगडाकडं.
बाचीच्या नाक्यावर पोलिसानं ताडपत्री उचलली.
एनु इदु?
नायी कालु री, साहेब.
त्यानं कौल हातात घेतलं, उजेडाकडं धरलं,
खिशातून चष्मा काढून पुन्हा बघितलं.
मागं ट्रकवाले हॉर्न मारत राहिले.
इदक्के ऐनारा तोंदरे आगित्तु, म्हणाला,
हिला काहीतरी लागलं होतं बघ,
आणि दोन्ही हातांनी परत ठेवलं.

गोव्याचा एक रिसॉर्टवाला येऊन गेला.
सगळी द्या, भिंतीत बसवतो, लायटी सोडतो.
आकडा वाईट नव्हता. थोरल्याची फी भरायची होती.
साधी कौलं दोन हजार घातली त्याच्या गाडीत.
ती नऊ दिली नाहीत.
का, ते मला त्याला सांगता आलं नाही.
रुक्मालाही आलं नाही,
आणि तिनं दोन दिवस विचारलं.

आता परवाची गोष्ट.
तोपिनकट्टीत शिवाप्पा भेटले, कारखान्यात जन्म गेलेले.
नऊच्या नऊ त्यांच्यापुढं मांडली.
म्हातारा हसला. ही होय?
वॉचमनची. पट्ट्यात बोट गेलं तिचं.
भोंगा झाला की डब्याच्या वासानं सुटायची,
रोज, ओल्या मालावरून.
मुकादम शिव्या घालायचा. आठ-दहा वर्षं तरी.

म्हणजे एक धाव नव्हेच.
आठ-दहा वर्षांच्या दुपारी.
मी मनात गुणाकार सुरू केला आणि सोडून दिला.
वाईट वाटायला पाहिजे होतं.
पण येताना टेम्पोत शिट्टी वाजवत होतो,
घाटात, भर चढावर.

संध्याकाळी नऊ कौलं अंगणात काढली.
आधी वीत-वीत सोडून मांडायचो.
आता पावलं टाकत गेलो, मधे जागा ठेवत,
तुळशीपासून गोठ्यापर्यंत, गोठ्यापासून फाटकापर्यंत,
शेवटचं थेट रस्त्यावर.

अहो, रुक्मा ओट्यावरून ओरडली,
मग गाडी आत कशी घेणार?