डावीकडची जागा

बेचाळीस वर्षं इड्वल प्रॉसरने
लोकांना दात करून दिले.
ज्याच्या त्याच्या जबड्यातला जुना पिवळेपणा
नव्या दातात नेमका उतरवला,
शेजारच्या दातालाही कळू नये असा.

आता अ‍ॅमनफर्डला, घरामागच्या कोळशाच्या खोलीत
दारापासून खिडकीपर्यंत एक स्टेशन आहे.
पासष्ट साली रूळ उखडले, त्याच्या कितीतरी आधीचं.
नेमकं सांगायचं तर एकतीस सालचं, जूनमधलं,
कारण फोटो जूनमधला आहे.

गाड्या विकत मिळतात. मेंढ्याही, डझनावारी.
पाट्या मिळत नाहीत.
म्हणजे मिळतात, पण कोऱ्या करकरीत,
काल टांगल्यासारख्या;
आणि एकतीस साली कुठलीच पाटी
एकतीस सालची नसते.
चहाची निळी पाटी बावीसची,
खिळ्यांभोवती मुलामा उडालेला, पोरांच्या दगडांनी.
'रूळ ओलांडल्यास चाळीस शिलिंग दंड'
ही तर राणीच्या काळातली, बिडाची,
तिच्यावर रंगाचे इतके थर
की शिलिंगाची अक्षरं सुजलेली.
ती सूज आणायला तीन आठवडे गेले.
तीन केसांचा ब्रश, कोऱ्या चहाचं पाणी,
बहिणीच्या नेलपॉलिशचा तळ.

"वाचणार कोण हे?" मेरेरिड विचारते.
"कोणी नाही," तो म्हणतो, डोळ्याचं भिंग न काढता.
"तेव्हाही कोणी वाचत नव्हतं.
सगळे ओलांडायचेच."

उरली मोठी पाटी, गावाच्या नावाची.

त्या गावाचं नाव दोन एलनी सुरू होतं.
उच्चार कागदावर सांगता येत नाही:
जीभ 'ल'साठी दातांमागे टेकवायची
आणि मग म्हणायचं काहीच नाही, नुसतं फुंकायचं,
जिभेच्या कडांनी, विझता निखारा फुलवावा तसं.
आपल्या बाराखडीत त्याला घर नाही.
लंडनच्या कारकुनाच्या वहीतही नव्हतं.
त्याने एक एल खोडला,
बेरजेत चुकून दोनदा धरलेला आकडा खोडावा तसा,
आणि हुकूम खाली आला.

खाली म्हणजे एनियॉन प्रॉसरकडे.
कंपनीचा रंगारी, इड्वलचा आजोबा.
पाच पोरं, भाड्याचं घर.
हुकूम घडी करून खिशात ठेवला
आणि शिडी लावली.

इड्वलने फोटो मोजला.
बत्तीस मिलिमीटरची फळी, काळी.
पांढरी अक्षरं, तीन मिलिमीटरची, एल एकच.
चूक तर चूक, होती तशीच करायची.
पण नाव मध्यावर बसेना.
दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं.
उजवीकडे फळी संपायची, डावीकडे उरायची.
आधी वाटलं, फोटोच तिरका.
मग वाटलं, म्हातारा प्यायला असेल त्या दिवशी,
जो बिअरच्या वासालाही कधी उभा राहिला नाही.

मग त्याने उरलेली जागा मोजली.
एका अक्षराची. शेजारच्या अंतरासकट.

स्वयंपाकघरात मेरेरिड वाटाणे सोलत होती.
"आजोबा त्या पाटीबद्दल कधी काही बोलले?"
"नाही," ती म्हणाली. एक शेंग सोलून झाल्यावर म्हणाली,
"मला न्यायचे मात्र. दर रविवारी, चॅपलनंतर.
पाटीसमोर उभे राहायचे, टोपी हातात घेऊन.
मला वाटायचं, गाडीची वाट बघतायत.
रविवारी गाडी नसायचीच."

नोव्हेंबरात स्वान्सीच्या एका शाळेत
मॉडेलवाल्यांचं प्रदर्शन भरलं.
बर्मिंगहॅमहून आलेला एक गृहस्थ, चष्मा कपाळावर,
बराच वेळ वाकून बघत होता.
"सगळं झकास. फक्त तेवढं नाव सरकलंय तुमचं.
डावीकडे जागा राहिलीय."
"हो," इड्वल म्हणाला. "मोजून."

तेवढ्यात दोन डब्यांची गाडी आली,
पाटीखाली थांबली.
कोणी उतरलं नाही.
माणसं चिकटवलेली असतात.