टेपचं दुसरं टोक

माझं काम टेपचं दुसरं टोक धरायचं.
साडेचारशे रुपये रोज, भाकरी आपली आपण.
पहिलं टोक सांडभोर मॅडमकडं.
"ताण दे, हिंदुराव, झोळ पडतोय."

साताऱ्याच्या खाली कृष्णा जिथं कोपरा मारते
तिथं आमची सात टेकाडं.
राजाची म्हणायचो. कुठला राजा, कुणी विचारलं नाही.
चौथ्यावरचं गवत गोड, हे शेळ्यांना ठाऊक.
तिसऱ्याच्या उन्हाकडच्या अंगाला शेणी लवकर वाळायच्या.
बेंदराला बैल पहिल्याला वळसा घालून आणायचे;
का, ते बैलांनाही माहीत नसावं.

मग जगाच्या यादीचं निघालं.
सरपंचानं रातोरात शेणी उचलायला लावल्या.
सहाव्या टेकाडावर डबा खाताना मॅडम म्हणाल्या,
आपल्या खाली माणूस आहे. दगडांच्या कड्यात,
उशाला तांब्याचा पेला, पायाशी घोडा.
घोड्याचं माझ्या मनातनं जाईना.
सोबत येतोस का, म्हणून त्याला कुणी विचारलं असेल?
घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, बिचारं.

गुरुवारी ते यंत्र आणलं,
तान्ह्या पोराला फिरवायच्या गाड्यासारखं, चार चाकांचं.
जमीन न उकरता आतलं दाखवायचं.
सहाव्याच्या मागं, नदीच्या अंगाला, तरवडाखाली
पडद्यावर बारीक कमानी उठल्या.
एक. मग दोन. मग मोजायचं राहून गेलं.
मॅडमचा आवाज चढला,
"राजाभोवतीची माणसं ही! सेवक असतील, हिंदुराव!"

चांगुणाकाकी बांधावर उभी होती.
डोईवरचा भारा न उतरवता म्हणाली,
"शेवक न्हवं, बाई. लेकरं हायती आमची.
दात न आलेल्यास्नी जाळत न्हाईत."
"कधीची?"
"माझं, ह्येच्या बारशाच्या साली." हनुवटी माझ्याकडं.
"ह्येच्या पाठची बी हितंच. दोन दिसांची.
ह्येच्या आईला उठवत नव्हतं. मीच आणली, पाटीतनं."

टेप माझ्या हातात होती.
झोळ पडला. मॅडम काही बोलल्या नाहीत.
यंत्र बंद केलं,
आणि दोघांनी मिळून उचलून मागं नेलं,
चाकं टेकू न देता.

नाव लागलं यादीत.
कंदी पेढे वाटले, फलक आला, तारेचं कुंपण आलं,
मला खाकी शर्ट आला, खांद्यात जरा आखूड.
नकाशात काळ्या शाईचे सात गोल आहेत.
सहाव्याच्या मागं कागद कोरा,
भोवती तुटक रेघ, आणि मॅडमच्या अक्षरात : प्रवेश नाही.
पुण्याकडची माणसं विचारतात, तिकडं काय आहे?
साप आहे, म्हणतो.

त्या गुरुवारी रात्री मी आईला काही बोललो नाही.
काकीनं सांगितलंच असणार.
भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता तिनं विचारलं,
"राजापासनं किती लांब भरलं?"
"अकरा मीटर चाळीस."
"म्हंजी?"
मी घरातनं नजर फिरवली.
"ह्या चुलीपासून गोठ्यातल्या दावणीपर्यंत."
तिनं भाकरी उलटली. पीठ झटकलं.
दाराबाहेर दावणीकडं बघत राहिली थोडा वेळ,
भाकरीला डाग पडेपर्यंत.
"मग तिथनं घोडं दिसत आसंल,"
म्हणाली.