अब्रेहेतचं पान

गीसेन. खोली क्रमांक दोनशे बारा.
खिडकीत कॅक्टस, त्याच्या कुंडीला लाल रिबीन.
ब्रिंकमानबाई विचारतात, कंटेनरचा रंग कोणता होता?

आतून की बाहेरून?
दुभाषा हाफ्तोम घोटाळतो. तो सरहद्दीपलीकडचा,
त्याच्या तोंडी माझी भाषा जरा तिरकी चालते,
नवी चप्पल चावत असल्यासारखी.
बाहेरून एकदाच पाहिला. निळा असावा, रात्र होती.
आतून रंग नव्हता. दुपारी पत्र्याला
पाठ टेकवता यायची नाही, आणि पहाटे त्याच पत्र्यावर
आमचाच श्वास थेंब होऊन लटकायचा.
तो आम्ही चाटायचो.

बाई टाइप करतात. 'चाटायचो'पाशी बोटं
अडखळतात, मग पुढे जातात.

किती जणी?
एकोणीस. मग सतरा. मग मोजणं सोडलं.

गुन्हा?
सेनाइतच्या घरी, दार लावून, हळू आवाजात गाणं.
सरकारच्या यादीत चार नावं होती, आमचं नव्हतं.

पुस्तक होतं का आत?
एकच. पावाच्या पोटातून आलेलं.
झडती व्हायची, म्हणून आम्ही ते फाडलं.
(फाडताना कुणी रडलं नाही. हे लिहू नका,
तुम्ही विचारलं नव्हतं.)
प्रत्येकीला एक पान. पाठ कर, मग गिळून टाक.
कागद गिळायला थुंकी लागते, बाई.
खूप लागते.

माझ्या वाट्याला आलं त्यात एक होडी होती,
संध्याकाळ, सुटलेला वारा, पाणी आत येतंय
आणि मागच्या बाजूला एक जण
गाढ झोपलेला,
पान तिथेच संपायचं. स्वल्पविरामाशी.
त्याला उठवायचं काम अब्रेहेतच्या पानावर.

अंधारात आम्ही ओळीने म्हणायचो.
माझं संपलं की तिचा आवाज लागायचा,
दोर ओढताना मागून दुसरा हात लागावा तसा.

मग? थांबलं का वादळ?

प्रश्नात खोट नव्हती. त्यांच्या यादीतलाच असावा.
थांबलं की नाही, मला ठाऊक आहे. लहानपणापासून.
समुद्रातही ठाऊक होतं, तिसऱ्या रात्री,
रबरी होडीत, जिथे झोपलेलं कुणीच नव्हतं.
पण ते माझ्या तोंडून निघत नाही.
ते तिचं पान आहे, मी म्हणते.
हाफ्तोम माझ्याकडे बघतो, मग सांगतो.
फार छोटं झालं त्याचं वाक्य.
बाई लिहितात. बहुधा: उत्तर देता आलं नाही.

तिकडे दर सोमवारी एक कागद यायचा.
पुन्हा गाणार नाही म्हणा, सही करा, घरी जा.
मी केली नाही. कशी सुटले ते मघाशी सांगितलं:
ताप, दवाखाना, मामाने विकलेल्या बकऱ्या,
पाठ फिरवून उभा राहिलेला एक शिपाई.
अब्रेहेतनेही केली नाही.
तिला मामा नव्हता.

शेवटी सगळं वाचून दाखवतात.
हाफ्तोम वाचतो: 'अब्रेहेत मरण पावली.'
थांबा. मी म्हणाले, बाहेर आली नाही.
फरक काय पडतो गं, तो हळूच विचारतो, आमच्या भाषेत.
मी गप्प. बाई वर बघतात, खोडतात, नव्याने लिहितात,
छापायचं यंत्र पुन्हा घरघरतं.

तेवीस पानं. प्रत्येकाखाली सही.
नवव्याला पेन वाळलं, दुसरं दिलं.
अकराव्यावर एक वाक्य अर्ध्यातच तुटून
बाराव्यावर जात होतं. दोन्हींवर माझं नाव घातलं.

बाईंनी गठ्ठा टेबलावर ठोकून सारखा केला,
कोपरा स्टेपलरमध्ये धरला, दाबला.
इतक्या पानांना ती पिन पुरेना.
'एक मिनिट,' म्हणाल्या,
आणि शेजारच्या खोलीत गेल्या
मोठा आणायला.