बसलेल्याचं वजन

इंजिन पहिल्या फटक्यात सुरू होतं.
पिवळी कळ ओढली की मात्र
खालची पाती ढिम्म.
"रुसलीत," ऑर्व्हिल ट्वेट फोनवर म्हणाला.

मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, चर्चमागच्या दफनभूमीत
अठरा वर्षं तोच गवत कापतो.
मी टेस्टर घेऊन गेलो.
फ्यूज शाबूत.
पट्टा झिजलेला, पण जागेवर.
क्लचला थेट बॅटरीची तार टेकवली
तर खटकन् चिकटला,
वाटच बघत असल्यासारखा.

मग मीच वर बसलो, कळ ओढली.
पाती गरगरली.
उतरलो. तो बसला.
काही नाही.

दोघंही जरा वेळ गवताकडे बघत राहिलो.

सीटखाली एक बटण असतं, पेराएवढं.
ते दाबलं गेलं तरच यंत्राला पटतं
की वर कुणीतरी आहे.
मार्चपासूनच्या औषधांनी
ऑर्व्हिलचे वीस किलो नेलेत.

बटणाच्या तारा एकमेकींना जोडता येतात,
पाच मिनिटांचं काम.
पण मग तो पडला तरी पाती फिरत राहतील,
हे मी सांगितलं.
"नको. विचारू दे की तिला."

शेडमध्ये बर्फावर टाकायच्या मिठाचं
अर्धं पोतं उरलं होतं.
ते मांडीवर घेऊन तो निघाला,
एका हातानं धरून.

तिसऱ्या रांगेत, सिग्नेच्या दगडापाशी
काडी उचलायला वाकला
आणि इंजिनासकट सगळं बंद पडलं.

त्यानं लगेच सुरू केलं नाही.