एकच पत्ता

ही पूर्वी कागदाची गिरणी होती.
माझे वडील इथे यंत्राच्या तोंडाशी उभं राहून
छत्तीस वर्षं कोरी पानं काढत राहिले.
त्याच दालनात आता माझी रात्रपाळी.
मी लिहिलेली पानं सांभाळते,
दुसऱ्यांनी लिहिलेली,
बहुतेक कुणी न वाचलेली.

सतरा नंबरच्या सर्व्हरवर दोनशे बारा बिऱ्हाडं आहेत.
हिल्काचं मुरंब्याचं दुकान, लक्का नावाच्या पिवळ्या बेरीचा.
एन्सिओ लाउक्कानेन, अंत्यविधीची व्यवस्था, शवपेट्या तीन रंगांत.
शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंची शेवाळांवरची टिपणं.
चर्चच्या गायकांचं वेळापत्रक.
भाडं महिना चार युरो.
चार युरोत आमच्या गावात
एक कॉफी येते, सोबतचा दालचिनीचा पाव येत नाही.
हिल्काला फायरवॉल म्हणजे काय ते ठाऊक नाही.
"तू आहेस ना," म्हणते,
आणि दर नाताळला एक बरणी पाठवते.

भिंती आहेत. मी स्वतः घातल्यात.
पण भिंत म्हणजे इथे नुसते आकडे:
सात, पाच, पाच.
घाईत कुणी लिहितो सात, सात, सात
आणि दार सताड उघडं.
पान दिसतंय ना, मग झालं,
असं म्हणून तो झोपायला जातो.

मार्चमधली रात्र, बाहेर उणे एकवीस.
जो घुसला तो हिल्काच्या दारातून नाही,
एन्सिओच्याही नाही.
एका लग्नाच्या आमंत्रणातून आला.
सातू आणि यारी, जूनमध्ये, तळ्याकाठी.
मासे चालतील की शाकाहारी, ते कळवायचा फॉर्म
नऊ वर्षं उघडाच होता.
सातू आणि यारीचा काडीमोड होऊनही सहा वर्षं झालेली,
भाडं मात्र कुणाच्या तरी कार्डातून
गुपचूप जात राहिलं.

पहाटेपर्यंत आमच्या पत्त्यावरून
चाळीस हजार पत्रं गेली होती,
स्वस्त गोळ्यांची, खोट्या वारशांची.

सुक्याबरोबर ओलंही जळतं.
जगभरच्या पहारेकऱ्यांनी आमचा पत्ता काळ्या यादीत घातला,
आणि पत्ता तर एकच, दोनशे बारा जणांचा.
त्याच सकाळी एन्सिओने एका विधवेला लिहिलं होतं:
वेळ बदलली आहे, शनिवारी अकरा वाजता, फुलं आम्ही आणतो.
ते पत्र तिच्या स्पॅममध्ये पडलं,
गोळ्या आणि वारसे यांच्या मधोमध.
ती दोन वाजता आली.
आधी फोनवर दोनच ठरलं होतं.

एन्सिओ चिडला नाही. चिडला असता तर बरं.
"माझा वेगळा सर्व्हर घेतला तर?"
घे, म्हटलं. पत्ता तुझा एकट्याचा, शेजाऱ्याचं पाप तुझ्या माथी नाही.
पण मग रात्री दोनला कुलूप बदलायचं ते तूच.
असे एकटे सर्व्हर मी पाहिलेत,
कुलपं गंजलेली, मालक गाढ झोपेत,
आत कोण राहतंय याचा मालकालाच पत्ता नाही.

तो बराच वेळ फोनवर नुसता श्वास घेत होता.
मग म्हणाला, "आमच्या इमारतीचा साउना सगळ्यांचा आहे.
माझा तास गुरुवारी, सात ते आठ.
आधीचे लोक फळ्या ओल्या सोडून जातात. दरवेळी."
थांबला.
"पण मी जातो तेव्हा तो तापलेला असतो."

राहिला तो.
मी मंगळवारची बॅकअप प्रत परत बसवली,
गायकांची एक तालीम त्यात हरवली.
यादीतून नाव काढा म्हणून अकरा अर्ज केले.
फॉर्म बंद केला. सातूला कळवलं,
तुमचं पान धोक्याचं आहे, उद्या पुसतेय.

एका ओळीचं उत्तर आलं:
ते अजून आहे?

आणि तासाभराने आणखी एक:
परवा पुसा.

दुसऱ्या दिवशीच्या नोंदीत
त्या पानावर एकच पाहुणा दिसला.
चाळीस मिनिटं होता.
मी तपासलं, सवयीने.
काही चोरलं नव्हतं.